दामिनीच्या लेखातली कळी

अकोला, १७ जुलै २०१२

प्रिय दामिनी,

दिवाळीच्या तुझ्या पत्राला आत्ता उत्तर देतेय. रागावली असशील तर बरोबरच आहे. दोनदा लिहायला बसले आणि उठले.

रविवारचा तुझा लेख वाचला, ‘मी कळी बोलतेय’. पोटातली मुलगी आईला विनवते, मला खुडू नकोस. मागच्या वर्षीचा तुझा असाच लेख मी वर्गात वाचून दाखवला होता. पोरी रडल्या. त्यात खोटं काही नव्हतं. आपल्या मेसवाल्या पंचफुलाबाईला तिसऱ्या खेपेला सासरचे कुठे घेऊन गेले, ते आपल्याला ठाऊक आहे. या वेळी मात्र पुन्हा पुन्हा वाचला. कळी बोलते, डॉक्टर राक्षस असतो, शेजारच्या रकान्यात कुणी कायदा आणखी कडक करा म्हणतो. आई कुठेच बोलत नाही. खाली दुबार पेरणीवर अग्रलेख होता, त्यातही पेरणारा बोलत नव्हता. की माझ्यावर आलं म्हणून मला हे आता दिसतंय? तसंही असेल.

हो, एकेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले. पाचवा लागला की तुला कळवणार होते. सासूबाईंनी त्यांचं मऊ लुगडं फाडून दुपटं शिवायला घेतलं. “नवं कापड नाई चालत वं, बाळाले जुनंच पाह्यजे.” गोवर्धन सुईत दोरा ओवून देतो आणि वर चिडवतो, “माय, माह्यासाठी शिवलं होतं काय असं?”

मग सोनोग्राफीत दिसलं, बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. जन्मलं तरी जगणार नाही. अशा वेळी गर्भपाताला कायद्याची परवानगी आहे, पण दोन डॉक्टरांचं मत लागतं. एका डॉक्टरबाईंनी सही केली. दुसरे म्हणाले, “समजतं मले सारं. पण सध्या पेपरात काय चालू हाय, पाहता ना? उद्या माहाच फोटो येईन.” तिसऱ्यांनी फाईलच उघडली नाही. मुलगा की मुलगी, मला माहीत नाही. कुणी सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण कळलं की गल्ली म्हणेल, “पोरगी असन.”

तुमच्या अमरावतीच्या दोन डॉक्टरांनी होकार दिलाय, पुढच्या मंगळवारी दाखल व्हायचंय. गोवर्धन सोबत असेल, पण बायकांच्या वॉर्डात त्याला सोडणार नाहीत. तू येशील का? फोनवर हे विचारता येईना, म्हणून पत्र. यावर लिहू नकोस, माझ्या बाजूनेही नको. माझं बाळ तुझ्या कळीसारखं बोलत नाही, आणि त्या दिवशी मलाही बोलता येणार नाही. नुसती शेजारी बस.

तुझीच,
शालू

ता. क. उद्या सासूबाईंना सांगायचंय, दुपटं आता शिवू नका.