गाडीची डावी बाजू

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की पाचव्या मिनिटाला आपलं वाजतं, म्हणून हे पत्र. लिहिताना निदान तू मध्येच तोंड घालत नाहीस.

तू अण्णांना घेऊन दिलेली एसयूव्ही पोचली. फाटकातून आत घ्यायला त्यांना सात वेळा पुढेमागे करावं लागलं. दोन्ही खांबांपासून चार-चार बोटं जागा उरते. आई मात्र जाम खूश आहे. जुन्या हॅचबॅकमध्ये बसायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांना शिक्षाच होती. आधी खाली बसा आणि उतरताना कुणीतरी हाताला धरून ओढा. आता खुर्चीवर टेकावं तशी टेकते आणि काचेतून माझ्याकडे बघून राणीसारखा हात हलवते.

अण्णांचं तोंड वाकडं आहे ते आहेच. म्हणतात, ही गाडी नाही, कपाट आहे, आणि बॉनेट कुठे संपतं ते आतून कळत नाही. जुनी गाडी मला मिळाली याचा मला आनंदच आहे, पण तिची किल्ली त्यांनी माझ्याकडे दोनदा परत मागितली. दोन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं.

बाकी ठीक. हे अजून दीड महिना बाहेरगावी कामावर आहेत. मला सातला लॅबमध्ये हजर राहावं लागतं. रक्त तपासायला उपाशीपोटी आलेली माणसं दारात ताटकळत असतात. त्यामुळे भिंगरीला शाळेत सोडायचं काम अण्णांकडेच आहे. तुझ्या हुकुमाप्रमाणे बाईसाहेब आता मागच्या सीटवर पट्टा लावून बसतात. आठ वर्षांची झाली तरी पुढे बसू देत नाही म्हणून मामावर गाल फुगवून बसली आहे.

वहिनीला नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी
बारकी

१० जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

सात वेळा पुढेमागे केलं हे वाचून हसू आलं. गाड्यांचा एवढा मोठा कारागीर, आणि फाटकापुढे हात टेकतो!

अगं, मी दिवसभर ठोकलेल्या गाड्याच बघतो. विमा कंपनीत नुकसान मोजायचं काम करून करून मला आता माणूस भेटला की आधी त्याच्या गाडीचा पत्रा दिसतो. म्हणून सांगतो, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला उंच बसून लांबवरचं दिसलेलं बरं. खड्डे, गतिरोधक, पावसाचं तुंबलेलं पाणी, कशाचीच फिकीर नाही. आईचे गुडघे तर तूच लिहिलेस. तुझ्या हॅचबॅकला अकरा वर्षं झाली. तुला एकटीला लॅबपर्यंत जायला ती पुष्कळ झाली, पण त्यात आता आईअण्णांना बसवायला माझा जीव धजत नाही.

महिनाभर दम धर. हात बसला की तेच या गाडीचं कौतुक सांगत सुटतील. किल्ली काही झालं तरी परत द्यायची नाही. भिंगरीला म्हणावं, मामा खडूस आहे, पण मागेच बस.

सर्वांना यथायोग्य सांग. तुझं पत्र आलं की दिवस चांगला जातो, एवढं ध्यानात ठेव.

दादा

२६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसण्याची वेळ गेली, दादा. तुझी ती गाडी आल्यापासून तीनदा लागली. आधी फाटकाच्या खांबाला मागचं दार घासलं. मग बेकरीच्या उभ्या गाडीला आरसा आपटला. आणि या मंगळवारी शाळेसमोर चाक फूटपाथवर चढलं. हे मला शाळेतल्या बाईंनी फोन करून सांगितलं, अण्णांनी नाही. फूटपाथवर त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

मी विचारायला गेले तर ओरखड्याचा मागमूस नाही. चाळीस वर्षं गॅरेजात गाड्या रंगवलेला माणूस तो. पुट्टी भरून, घासून, रंगाचा फवारा मारून दुपारच्या चहापर्यंत गाडी कोरी करकरीत. मला म्हणाले, दोष त्यांचा नाही, कपाटाचा आहे. छोट्या गाडीला अकरा वर्षांत कधी काही झालं होतं का. मलाही खरंच काही झालेलं आठवत नाही.

राग येईल, पण लिहितेच. तुला गाडी द्यायची होती. त्यांना हवी आहे का, हे तू विचारलंस का? लांब राहून हौस भागवायची आणि इथे जीव टांगणीला लागतो तो आमचा. भिंगरीसुद्धा हल्ली शाळेला निघताना गप्प असते. पुढच्या रविवारी मी गाड्यांची अदलाबदल करणार आहे. त्यांची हॅचबॅक त्यांना, कपाट मला. आईला मी काहीतरी पाटबीट करून देईन चढउतारायला.

रागावलास तरी पत्र टाकायचं बंद करू नकोस.

बारकी

३० जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं बोलणं लागलं. विचारलं नाही, हे खरं आहे. तुझ्या वहिनीने तेव्हाच सुचवलं होतं की आधी विचारा, पण मला त्यांना चकित करायचं होतं.

दोन तास धुसफुसलो आणि जेवणाच्या सुट्टीत पत्र पुन्हा वाचलं. या वेळी ते अण्णांची गाडी म्हणून वाचलं नाही, परक्याची म्हणून वाचलं, जसं कामावर वाचतो. तू बाजू लिहिली नाहीस. पण फूटपाथ डावीकडेच येतो. रस्त्यात उभी केलेली बेकरीची गाडीही डावीकडेच असणार. खांब कुठला होता, तो मला कळव. गाडी रुंद म्हणून लागत असेल, तर ती दोन्हीकडे लागेल, बारके. एकाच बाजूला लागते तेव्हा आम्ही कागदावर गाडीबद्दल काही लिहीत नाही, चालवणाऱ्याबद्दल लिहितो.

आता एक काम कर. फ्रिजवरचं लोहचुंबक घे आणि आपल्या हॅचबॅकच्या उजव्या बाजूला पुढून मागेपर्यंत लावत जा. मग डाव्या बाजूला. चुंबक पत्र्याला धरतं, पण पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असला की गळून पडतं. रंग कितीही हुबेहूब असला तरी.

ते झाल्याशिवाय गाड्या बदलू नकोस. माझी शंका खोटी निघाली तर येऊन तुझी आणि अण्णांची माफी मागेन. खोटी निघू दे.

दादा

४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खांब डावा.

हॅचबॅक अण्णांच्या अंगणात लावून चुंबक फिरवलं. उजवीकडे कुठेही लावलं तरी खटकन चिकटलं. डावीकडे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला लावलं, पडलं. पुढच्या दारावर, पडलं. मागच्या दारावर, त्याच्याही मागे, पडतच गेलं. शेवटी मी ते उचललं नाही, तिथेच पायरीवर बसून राहिले. ज्या गाडीला अकरा वर्षांत काही झालं नाही ती ही, दादा.

घरी येऊन भिंगरीला जवळ घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, छोट्या गाडीत पुढे बसून तू काय करायचीस. ती मोठ्या अभिमानाने म्हणाली की डावी बाजू तिच्याकडे होती. खांब आला की एक टाळी, माणूस आलं की दोन. आजीने शिकवलेला खेळ. नव्या गाडीत मागे बसवल्यापासून तिला नीट दिसत नाही म्हणून खेळ बंद पडला. म्हणजे दादा, गेली दोन वर्षं माझी पोर माझ्या वडिलांचा डोळा होऊन शाळेत जात होती, आणि मी लॅबमध्ये निर्धास्तपणे लोकांचं रक्त तपासत होते.

मी तशीच आईकडे गेले. ती नाही म्हणाली नाही. अण्णांबरोबर जाताना तीच शेजारी बसून त्यांना डावीकडचं सांगायची. जुन्या गाडीची खिडकी बुटकी, कडेचा दगडसुद्धा दिसायचा; नवीत उंच बसून तिलाही तो दिसत नाही. मी आईवर आयुष्यात ओरडले नव्हते, काल ओरडले. ती एवढंच म्हणाली की किल्ली गेली तर हा माणूस खुर्चीत बसून संपेल, आणि ते तिच्याच्याने बघवणार नाही.

अण्णांना मी सांगितलं की माझी वेळ बदलली, भिंगरीला मीच सोडेन. प्रत्यक्षात शेजारची सोडते. त्यांनी बरं म्हटलं आणि वर्तमानपत्र उघडलं. दादा, त्यांना तोंडावर सांगायचा मला धीर नाही. शनिवारी ये. माझ्यावर लोभ असेल तर नक्की ये.

बारकी

९ जुलै

चि. दादा व चि. बारकी यांस,
अ. उ. आ.

एकच मजकूर दोनदा लिहून दोघांना पाठवत आहे, म्हणजे कमीजास्त ऐकलं असं व्हायला नको.

बारके, तू अंगणात चुंबक फिरवत होतीस ते मी खिडकीतून पाहिलं. ती परीक्षा तुझ्या दादाला मीच शिकवली होती. त्याने ती बापावर चालवली, चांगलं केलं. उशीर केला, पण तो तर मीही केला.

सोमवारी बसने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एका यंत्रात डोकं घालून बसवतात आणि दिवा दिसला की बटण दाबायला सांगतात. मी एवढ्या वेळा दाबलं की मला वाटलं पास झालो. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. डावीकडचे दिवे मला दिसलेच नव्हते, ते लागले होते हेही कळलं नव्हतं. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, आहे ते औषधाने टिकवायचं. गाडी बंद. त्यांनी सांगण्याआधी मीच किल्ली टेबलावर ठेवली, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण त्यांना दोनदा सांगावं लागलं.

आता जे कुणाला ठाऊक नाही ते. नवी गाडी येऊन आठवडा झाला असेल. शाळेसमोर भिंगरी डाव्या दाराने उतरली. दार लागल्याचा आवाज आला, ती गेली असं समजून मी गाडी सोडली. ती गेली नव्हती. पुढच्या चाकापाशी वाकून पाण्याची बाटली उचलत होती. एका बाईंनी बॉनेटवर हात आपटला म्हणून थांबलो. चाकाखाली बाटली गेली. मी उतरलो तेव्हा पोर रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या दुपारी मी तशीच दुसरी बाटली आणली आणि तिला सांगितलं, घरी बोलायचं नाही. ती बोलली नाही. आठ वर्षांच्या मुलीने महिनाभर माझ्यासाठी तोंड मिटून ठेवलं, आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला गाडीत बसवली. गप्प असते असं बारकी म्हणत होती. ती गप्प माझ्यामुळे होती. फाटकाच्या खांबाबद्दल मला काही वाटत नाही, पण याची मला लाज वाटते.

गाडीला दोष देऊ नका. छोटी असती तर वाकलेली पोर दिसली असती की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मोठी गाडी बारकीने चालवावी, तुमच्या आईला तीच सोयीची आहे. तिच्यावर रागावू नका. तिने माझं ऐकलं, आणि मी तिचं काहीच ऐकलं नाही. छोटी विकायची आहे. चुंबकाच्या दिवसापासून ती अंगणातच उभी आहे. मी तीन दिवस बसून तिच्या डाव्या बाजूची सगळी पुट्टी खरवडून काढली. एकूण एकोणीस ठोके निघाले, त्यातले सात मलाही आठवत नाहीत. घेणाऱ्याने ते बघून मगच गाडी घ्यावी. दादा, शनिवारी येशील तेव्हा तूही बघ, तुझ्या कामाचा भाग आहे.

एक मागणं आहे आणि ते बारकीकडे आहे. शाळा आपल्या घरापासून चालत पस्तीस मिनिटं आहे. मी भिंगरीला हाताला धरून चालत नेईन, तिची बॅग मी घेईन, रस्ता शाळेच्या पहारेकऱ्याजवळच ओलांडेन. तू पाठवणार असशील तर. नाही म्हणालीस तर मी काही बोलणार नाही, तो तुझा हक्क आहे. फक्त तिला विचारू नकोस. ती माझ्यासाठी हो म्हणेल.

दोघांनीही बापावर राग धरा, पण येणंजाणं ठेवा.

अण्णा