सोमवारची नखं

प्रिय वैजयंती,

आजवर माझ्यावर पुष्कळ अन्याय झाले, पण गेल्या आठवड्यात नेलकटरने केला तो सर्वांत दारुण. अव्वाच्या अंगठ्याच्या नखावर ठेवून दाबला, तर दांडीच निखळून माझ्या चहात पडली. नरसिंहाने हेवा करावा अशी नखं झाली आहेत आपल्या आईची. तू पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा बघतेस, हात बघायचे माझ्या वाट्याला.

जाड, पिवळट, उभ्या रेघा उमटलेली, टोकाला चिरफळणारी. मी घाबरून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एकेक बोट उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, बुरशी वगैरे काही नाही, वयानं होतं असं. नखं वाढतातही हळू. हात कोमट पाण्यात भिजवा, मऊ झाली की थोडी थोडी कापा, मग खोबरेल चोळा. मुलांकडून विभक्ती घोकून घेण्यात हयात घालवलेला मी रविवारी पातेलं घेऊन तिच्यापुढे मांडी घालून बसलो. अव्वा अधूनमधून कानडीत सूचना देत होती. तुझ्यापेक्षा वैजीचा हात हलका, हेही ऐकवून झालं. लगेच फुगू नकोस.

सोमवारी सकाळी तिची लिंगपूजा आटोपली, मी शाळेला निघालो होतो. तिनं दोन्ही हात पुढे केले. "महेशा, नखं लई वाढल्यात की रे. काप बघू."

सोमवारी, वैजू. लहानपणी तू सोमवारी नखाला कात्री लावलीस तेव्हा, शिवाचा वार बाटवला म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. शिवाय कापायला काही उरलंच नव्हतं. मी खाली बसलो, तिचा हात मांडीवर घेतला आणि नवा नेलकटर प्रत्येक बोटापाशी नुसताच वाजवला. तिनं समाधानानं पदर झटकला.

तेव्हापासून डोकं चालत नाही. ती वार विसरली, की रविवारी नखं कापली तेच विसरली, की कुणीतरी हात धरून बसावं असं तिला पुन्हा वाटलं? हा शेवटचा अर्थ मला फार आवडतो, म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिला विचारायचं धाडस होत नाही. नखांसाठी डॉक्टरांकडे तडक गेलो. यासाठी पाय उचलत नाही. अव्वा विसरायला लागली आहे, अशी मला भीती वाटते. एकट्यानं ते ऐकायला जाववत नाही. तू ये.

तुझाच,
महेश्वर अण्णा