लाल टिंबाची बाजू

३ जानेवारी

जेवायच्या टेबलावर जेवायला जागा नाही! नातीची प्रयोगशाळा सुट्टीत बंद, म्हणून तिचा सगळा पसारा इथे — दिवा, भिंग, केसाहून बारीक तारा आणि काचेच्या बशीत एक काळा खडा. मसुरीएवढा. आम्ही ताटं मांडीवर घेऊन बसायचं, खड्याला मात्र स्वतंत्र बशी!

"आजी, हात लावू नकोस. सहा महिने भट्टीत वाढवलाय."

सहा महिन्यांत एवढंसं? नऊ महिन्यांत मी तुझा अख्खा बाप काढला!

४ जानेवारी

ती अंघोळीला गेली तेव्हा टेबल पुसलं. खड्यावर लाल डाग होता. नेलपॉलिश सांडलं असेल म्हणून थुंकी लावून पुसला. मग तिच्या वहीत खड्याचं चित्र दिसलं — त्यावरही तस्संच टिंब! आता बोंब मारणार. तिच्याच लाल पेनाने परत लावलं. खडा फाशासारखा, सहाही बाजू सारख्या. कुठली का असेना. तिला कळलंसुद्धा नाही.

१९ जानेवारी

आज विचारलंच — त्या खड्यात शोधतेस तरी काय?

म्हणाली, "चुंबकातून वीज."

खड्यातल्या कणाकणात होकायंत्रासारखी सुई असते म्हणे. ऊब असली की सुयांची तोंडं दाही दिशांना. खूप खूप गार केलं की शिस्तीत उभ्या राहतात. नुसती एक वर, एक खाली अशी रांग लागली तर वीज नाही. पण हिच्या खड्यात प्रत्येक सुई शेजारणीपेक्षा थोडी जास्त कलते. चाक गडगडत जाताना त्याची एकच तार पावलोपावली कशी कलत जाते, तशी. दोन सुयांच्या मध्ये ऑक्सिजनचा कण बसलेला. त्या कलण्याने तो बिचारा एका अंगाला ढकलला जातो. सगळे एकाच अंगाला ढकलले गेले की खड्याच्या एका बाजूला अधिक, समोरच्या बाजूला उणे. झाली वीज!

चाळीस वर्षं नवऱ्याच्या सायकलच्या दुकानात चाकांच्या तारा आवळल्या मी. मला चाक शिकवते!

"म्हणजे डायनामो म्हण की."

"नाही गं. इथे फिरत काहीच नाही. सगळं थिजलेलं. नुसती मांडणी चाकासारखी."

"आणि चाक उलट्या दिशेने मांडलं तर?"

बघतच राहिली माझ्याकडे. "तर अधिक-उण्याची अदलाबदल! तुला कुणी सांगितलं?"

तिसरीत शाळा सोडली ते बरं झालं. नाहीतर हिच्या सरांची नोकरी गेली असती.

२ फेब्रुवारी

मोजणी झाली. शून्य.

९ फेब्रुवारी

पुन्हा शून्य. सुया चाकासारख्या कलतात, ते दुसऱ्या यंत्रावर दिसलं. वीज मात्र नाही.

हिच्या सरांना मी टाचणी म्हणते. माणूस बारीक, टोचतो नेमका. त्यांनी विचारलं म्हणे, "खड्याची बाजू नक्की बरोबर आहे ना?" ही म्हणाली, "टिंब मी स्वतः लावलंय, सर."

स्वतः लावलंय म्हटल्यावर संपलं.

१७ फेब्रुवारी

शून्य. जेवली नाही. म्हटलं, उपाशी राहून वीज येत असती तर गरिबाघरी दिवे लागले असते. हसली नाही.

२४ फेब्रुवारी

महिनाअखेरीला यंत्र दुसऱ्याला देणार. टाचणी म्हणाले, "कल्पना छान होती. खड्याला ती मान्य नाही, त्याला कोण काय करणार?"

पाच वर्षांची मेहनत. एका वाक्यात केर काढला.

२८ फेब्रुवारी

शेवटची मोजणी. शून्य. यंत्रातून काढून ऊब देताना खड्याला चीर गेली. कागदात गुंडाळून घरी आणलाय. दोन तुकडे. मसुरीची डाळ झाली.

३ मार्च

ती खोक्यात वह्या भरत होती. काम सोडत असल्याचं पत्र परवाच दिलं. मी खोक्याला दोरी बांधत होते. उगाच बोलायचं म्हणून बोलले, "दुसऱ्या बाजूने मोजून बघायचंस."

"आजी, चाक जातं पुढे, पण वीज असते वर-खाली, चाकाच्या उंचीच्या दिशेने. बाकी कुठून मोजली तरी शून्यच. म्हणून तर टिंब. वरची बाजू चुकू नये म्हणून."

माझ्या हातून गाठ सुटली.

"काय झालं?"

"काही नाही. मुंग्या आल्या."

अख्ख्या गल्लीला पुरून उरलेली माझी जीभ! म्हणे मुंग्या!

४ मार्च

जानेवारीचं पान काढलं. अक्षर माझंच. *कुठली का असेना.*

ती दिवसभर म्हणत होती, "माझी अक्कलच कमी पडली." मी ऐकत भाकऱ्या थापल्या. तीन करपल्या. खडा फुटला, यंत्र गेलं. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?

५ मार्च

सांगत नाही. म्हातारीच्या मनावर आणखी एक ओझं, एवढंच. ती आहे तरुण, विसरेल.

संध्याकाळी वह्यांचं खोकं रद्दीच्या ढिगाशेजारी ठेवलेलं दिसलं.

६ मार्च

सांगितलं. ओरडली नाही. खोकं उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. उद्या दहा वाजता टाचणीचा फोन येणार, पत्र पक्कं धरू का म्हणून. पोरीने फोनला हात लावायचा नाही. उचलणार मी. आणि टाचणीला चार जानेवारीचं हे पान वाचून दाखवणार, थुंकीसकट.