खिळ्यावरच्या दोन चाव्या

३ डिसेंबर, बुधवार

सुनेच्या कपाळाला टाके पडले. दारव्ह्याच्या बँकेतून परत येताना सुचित्राने ब्रेक मारला आणि गाडी थांबलीच नाही — सरळ तुरीच्या शेतात. अवकाळी पाऊस, ट्रॅक्टरांनी डांबरावर सांडलेली काळी माती, वर पाणी. साबण फासल्यासारखा रस्ता.

माझे चिरंजीव स्वानंद बायकोचं कपाळ बघायच्या आधी बंपर बघायला गेले. आत येऊन म्हणतो, "चालवता येत नाही तं कायले नेते गाडी?"

मी छत्री घेऊन बाहेर गेले, तिच्या टायरवरून बोट फिरवलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसची लाकडी पट्टी इतकी गुळगुळीत होती. तिच्या फटक्याने बोटं सुजायची. आज ती पट्टी हातात हवी होती.

५ डिसेंबर, शुक्रवार

स्वानंद टायर घेणार नाही. "उन्हाळ्यात पाहू." उन्हाळ्यापर्यंत बायको टिकली तर! मग मीच गेले प्रेमसिंगच्या दुकानात. पेन्शन माझी आहे.

त्याने आधी मोठ्या गुठळ्यांचे टायर काढले. "हे घ्या बाई, चिखलातून जीपवानी निघते गाडी." म्हटलं, सून बँकेत जाते, वखर हाणायला नाही. त्या गुठळ्यांत आपली माती भरली की डांबरावर टायर उरत नाही, मातीचा गोळा उरतो. मग दुसरे — "हे झिजतच नाही." झिजत नाहीत म्हणजे रबर कडक, आणि कडक रबर ओल्यात पकडत नाही. इथे बर्फ नाही, हाडं गोठवणारी थंडी नाही. हिवाळ्यात पाऊस आहे. मला पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचा हव्यात आणि मऊ रबर.

तिसरे बरोबर होते. पण कडेवरचे आकडे वाचले — २३२०. म्हणजे दोन हजार वीसचा तेविसावा आठवडा.

"पाच वर्षं गोदामात झोपलेले म्हातारे माझ्या गळ्यात बांधतोस?"

"तुमाले कोनं सांगतलं हे, बाई?"

"वाचता येतं मला."

ताजे होते की आत! लगेच काढून आणले त्याने.

९ डिसेंबर, मंगळवार

सुचित्राच्या गाडीला चारही बसले. अंगावर रबराचे बारीक केस अजून तसेच. सुचित्राने हात फिरवला. "आई, बाळंत्यातल्या पोरावानी दिसतात." हसली, टाके दुखले, तरी हसली.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी ते केस मला दिसले — स्वानंदच्या गाडीला! सुचित्राच्या गाडीला त्याची टकली चाकं. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या, चाकं एकमेकींना बसतात. काल गुपचूप बदलून आणली.

"माही गाडी लांब जाते. हिले काय, दारव्हा तं आहे."

सुचित्रा फार हळू म्हणाली, "त्याच रस्त्यावर मरता मरता वाचली मी."

त्याने थोबाडीत मारली. ती टेबलाच्या कडेवर आदळली, टाका उसवला, पोह्यांच्या बशीत रक्त. मी लाटणं घेऊन आले आणि त्याच्या मनगटावर घातलं. पुन्हा घातलं.

"पागल झाली का तू आई?"

"आता डोक्यात घालीन."

जाताना दाराची काच फोडून गेला. तो हात मी ओळखते. त्याच्या बापाचा आहे.

डॉक्टरांकडून आल्यावर सुचित्रा म्हणते, "जाऊ द्या आई, मी मागून पाहीन त्यांना." म्हटलं, मागायचं नाही. चोराकडे कोणी मागतं का? दाराजवळ खिळ्यावर दोन्ही चाव्या लटकलेल्या असतात. हात वर कर, त्याच्या गाडीची उचल आणि जा.

ती उठून दाराची फुटलेली काच झाडायला लागली.

१७ डिसेंबर, बुधवार

ती बसने गेली. त्याचं मनगट सुजलं आहे. बरं वाटलं.

२१ डिसेंबर, रविवार

स्वानंद मित्रांच्या जीपने बाभुळगावला लग्नाला. सुचित्रा माहेरी, केळापूरला. दोघंही रात्रीच परतणार. दोन्ही गाड्या अंगणात. पंक्चरवाल्या श्रावणला बोलावलं आणि चाकं परत बदलून घेतली. नवी तिच्या गाडीला, टकली त्याच्या.

"साहेबाले सांगतलं ना बाई?"

"सांगते."

नाही सांगणार. नव्या टायरांचे केस ब्लेडने कापले, आठही चाकांना चिखल फासला. आता बघून कोणालाच कळणार नाही. सुचित्रालाही सांगत नाही. तिच्या तोंडावर सगळं दिसतं, मग मार तिलाच पडेल.

त्याला एकदा कळू दे, पाय दाबूनही गाडी थांबत नाही तेव्हा पोटात काय होतं. फुटू दे त्याचंही कपाळ. वाहू दे रक्त.

आई असून हे लिहिलं. खोडत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

पहाटेपासून पाऊस. मी न्हाणीघरात होते. सुचित्रा दाराबाहेरून म्हणाली, "आई, आज उचलली मी चावी. मागितली नाही." मी आतून म्हटलं, शाब्बास.

खिळ्यावर तिची चावी तशीच आहे. स्वानंद पलंगावर घोरतो आहे.

ती फोन घेत नाही.