लाल बाटली आणि माझं तोंड

७ मार्च

शी! ह्यांनी लाल वाइन मागितली. माझ्याजवळ!

नुकतीच जपाची माळ ठेवून मऊ भाताची वाटी घेऊन गेले होते. दोन घास कसेबसे गेले. तिसरा गालात घोळवत ठेवला आणि हळूच रुमालात काढला. तो गोळा मी उचलायचा, रुमाल मी धुवायचा. त्या मोठ्या तापापासून हे असंच चाललंय. तोंडाची चव गेली, नाकाचा वास गेला. म्हणतात, "चिखल चावल्यासारखं वाटतं गं. तुझ्या हाताचा दोष नाही." दोष नसेल, पण ते रुमाल नाक दाबून धुवावे लागतात त्याचं काय!

आणि मग एकदम — "एक लाल वाइन होती. छापखान्याने मला नव्या मशिनचं शिकायला परदेशी पाठवलं होतं ना, तिथला फोरमन रोज जेवताना द्यायचा. सगळं विसरलो, ती चव विसरलो नाही. ती मिळाली तर जेवेन बहुतेक."

रोज! थोरलीच्या जन्माआधीची गोष्ट. आजवर चकार शब्द काढला नाही. त्याच तोंडाने माझ्या शेजारी बसून देवाचं नाव घेतलं इतकी वर्षं!

८ मार्च

सर्जनकडे गेलो. पोटातली गाठ काढायचीच आहे, पण ह्यांना काट्यावर उभं केलं आणि सर्जनने मान हलवली. "हाडांवर सुरी चालवू का मी? अंगावर थोडं मांस येऊ द्या, मग तारीख देतो. आणि फार लांबवूनही चालणार नाही हं."

ह्यांना बाहेर बसवून मी वाइनचं विचारलं. एवढ्या हळू की त्यांनी दोनदा "काय? काय?" केलं. मला वाटलं, झापतील. तर म्हणे, "त्याने जेवणार असतील तर जेवणाआधी घोटभर द्या. घोटभर म्हणजे घोटभर."

डॉक्टरच असं म्हणायला लागल्यावर देवाने तोंड कुठे लपवावं!

९ मार्च

गेले नाही. जाणार नाही.

१० मार्च

गेले.

चांभाराच्या टपरीला लागून ते दुकान. इतकी वर्षं त्या बाजूचा फूटपाथसुद्धा टाळत आले. आत फरशी चिकट — चप्पल उचलताना चुर्रर्र आवाज. वास तर विचारू नये. ओलं लाकूड, आंबलेली फळं, कुणाची तरी जुनी ओकारी. एक मिशाळ गृहस्थ मला बघून बाजूला झाला, आदराने! त्याचाच जास्त राग आला.

गल्ल्यावर बाई. माझ्या धाकटीच्या वयाची, नखं जांभळी. "बोला काकू." जशी मी कोथिंबीर घ्यायला आलेय!

म्हटलं, "लाल हवीय. आजारी माणसासाठी. स्वस्त. पण टाकाऊ नको."

तिने विचारलं, "चहा कसा पिता?"

मला वाटलं, चहा पाजतेय. नको म्हटलं. हसली. "तसं नाही काकू. कडक, बिनसाखरेचा चहा आवडणाऱ्याला तुरट वाइन आवडते. दूध-साखर घालून पिणाऱ्याला मऊ, फळांच्या चवीची द्यावी. आधी माणसाचा चहा विचारायचा, मग बाटली."

ह्यांचा चहा काळा, कडक. तसं सांगितलं. तिने मधल्या फळीवरच्या बाटलीला हात लावला, किंमत बघून मी मागे सरले. "मग वाका," म्हणाली. "डोळ्यांसमोर मांडलेल्या महाग. खालच्या फळीवर बघायला लोकांना लाज वाटते, म्हणून तिथल्या बऱ्या आणि स्वस्त." वाकले. तिने एक काढून दिली. "ही घ्या, एकदम ड्राय आहे."

ड्राय! हे ऐकून जिवात जीव आला. ड्राय डे म्हणजे दारू बंद, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे ह्या बाटलीत दारू नाहीच! ह्यांचा हट्ट पुरा होईल आणि माझ्या घरात पापही येणार नाही. देवाला काळजी असते.

तरी पिशवीत पालकाच्या जुड्यांखाली झाकून आणली.

खर्च कुठे लिहू? औषधांत लिहवेना, किराण्यात बसेना. शेवटी नवं खातं उघडलं — 'घाण'.

११ मार्च

ह्यांना चमच्याने दिली. जीभ फिरवली, छताकडे बघितलं. "ही आहे की नाही तेच कळत नाही. तू घेऊन बघ. तुरट आहे का सांग. ती तुरट होती."

ड्राय होती म्हणून घेतली. चमचाभरच.

शी शी शी! गंजका खिळा चोखल्यासारखी. कच्च्या केळ्याची साल चावावी तशी जीभ जाड झाली, गाल आतून चिकटले, डोळ्यांना पाणी. "अहो, तुमच्या फोरमनच्या तोंडात माती पडो!" म्हणून ओरडले.

हे हसले. ताप आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता भाताची वाटी ओढली आणि अर्धी संपवली. रुमाल कोरडा!

दारू नसून एवढा गुण! म्हटलं ना, देवाला काळजी असते.

१६ मार्च

रोजचा क्रम झालाय. आधी मी चमचाभर, मग सांगायचं कशी आहे, मग ह्यांचा घोट, मग जेवण. ही बाटली त्यांची नव्हेच म्हणतात. "ती अशी आंबट नव्हती." ह्यांना आंबट कुठून कळली? मीच म्हटलं होतं, चिंचेच्या पाण्यात तांब्याचं नाणं टाकल्यासारखी!

उघडल्यावर चार-पाच दिवसांत तिची चव उतरते, वर फ्रीजमध्ये माझ्या दुधाशेजारी उभी असते मेली. बूच लावलेलं असलं तरी मी पातेल्यावर झाकण ठेवते.

दुसरी आणली. ही म्हणे फळांच्या चवीची. खोकल्याचं औषध! गुळमट, चिकट, मागाहून करपट ढेकर. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "वा, वा, अजून सांग." आणि पूर्ण वाटी जेवले.

२१ मार्च

वन्सं आल्या. भावाची प्रकृती बघायला. बघितला माझा फ्रीज.

"हे काय गं?"

मी ताठ मानेने सांगितलं, "ड्राय आहे. दारू नसते त्यात."

त्यांनी चष्मा पुसला, बाटली नाकाशी नेली, मागचं बारीक वाचलं. "चौदा टक्के अल्कोहोल लिहिलंय. ड्राय म्हणजे साखर नसलेली! मॅट्रिक ना गं तू?"

मी तिथेच बसले.

दहा दिवस! आंघोळ करून, माळ फिरवून, ह्याच जिभेने! वन्सं वर म्हणतात, "तरीच म्हटलं, वहिनीला हल्ली झोप छान लागते." जळलं मेलं ते हसू. चूळ भरभर भरली. जीभ घासून घासून लाल केली — पुन्हा लालच!

देवासमोर बसवेना. म्हटलं, आता थेंब नाही. ह्यांना द्यायची ती वन्सं देतील.

२४ मार्च

वन्सं ओततात, हे घेतात. आणि जेवत नाहीत. रुमाल पुन्हा भरायला लागले. आज गोळ्याला बुरशीसारखा वास — तसाच दिवसभर कुशीत ठेवला होता. किळस आली. ह्यांची आली, माझी आली.

वन्सं म्हणाल्या, "चमचा तोच, बाटली तीच, मी काय वेगळं करते?"

२६ मार्च

वन्सं परत गेल्या. "तुझं तूच बघ बाई."

काट्यावर ह्यांचं मिळवलेलं सगळं गेलेलं.

मी विचारलं, "अहो, तुमची ती वाइन शोधू का अजून? कुठली होती, काही तरी सांगा." ह्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली. मग म्हणाले, "मला एकही वाइन कळली नाही गं. पाण्यासारखी होती. सगळ्या."

"मग जेवत कसे होतात?"

"तू तोंड वाकडं करायचीस. गंजका खिळा म्हणायचीस. तेव्हा माझ्या जिभेवर काहीतरी यायचं. तुझी 'शी' ऐकली की भाताला चव यायची."

मी उठून मोरीत गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले. हे काय मागणं झालं! नवऱ्याच्या घासासाठी बायकोने विटाळ गिळायचा! नुसतं तोंड वाकडं करून बघू का? म्हणून पाण्याचा चमचा घेऊन 'शी' केलं. ह्यांनी लगेच ओळखलं. "मशिनवर बोट ठेवून छपाई चांगली की वाईट सांगायचो मी. मला फसवतेस?"

२७ मार्च

जप होत नाही. माळेचा मणी पुढे सरकत नाही. देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. पण आतून ह्यांच्या उपाशीपोटीच्या उचक्या ऐकू येत होत्या.

म्हणजे बोललाच म्हणायचं.

२८ मार्च

पुन्हा चिकट फरशी. आज स्पष्टच सांगितलं, "चांगली नको. जिने माझं तोंड वाकडं होईल ती द्या."

जांभळ्या नखांची हसून हसून गल्ल्यावर पडली. "काकू, इथे सगळे घशाखाली अलगद उतरेल ती मागतात. अशी मागणारी तुम्ही पहिली!" पण मनापासून शोधली. म्हणाली, "सगळ्यांत घाण म्हणजे गरम झालेली, खिडकीत उभी ठेवलेली. ती विकत नाही मी, फेकते. तुम्हाला चांगलीच देते, पण जबरदस्त तुरट. आणि जेवताना तेलकट काही खाऊ नका, नाहीतर तुरटपणा मरेल. तुमचा सगळा खेळ फुकट जाईल."

एक चमचा. त्याच्यापुढे नाही. देवाशी तेवढं ठरवलंय.

काय वर्णू! शिलाई मशिनच्या पट्ट्याचा वास. जिभेवर खडू फासला. ह्यांना म्हटलं, "चांभाराने चपला भिजत घातलेलं पाणी!" दोन वाट्या जेवले. वर लोणचं मागितलं — चव कळत नाही आणि लोणचं मागतात!

९ एप्रिल

आता बाटल्या ओळखू येतात मला. शी, काय ही विद्या! ही आंबट, ही तुरट, ही नुसती गरम — घशात मिरची लागल्यासारखी, मागे काही नाही. महागातली एक जांभळ्या नखांवालीने चमचाभर चाखायला दिली, तीही असलीच. तिला म्हटलं, "ही महाग का? बाटली जड आहे म्हणून?" ती म्हणाली, "बरोबर, काकू. काच विकतात."

शब्द संपत आलेत. काल 'ओल्या भिंतीचा पोपडा' म्हटलं, आज 'मोरीतला जुना ब्रश'. हे म्हणाले, "ब्रश परवा झाला." एवढं लक्ष! परीक्षेला बसल्यासारखं झालंय.

सर्जन म्हणाले, अजून थोडं वजन हवं. पण ह्यावेळी मान हलवली नाही.

१७ एप्रिल

नवी बाटली. खालच्या फळीवरचीच, कोपऱ्यातली, धूळ बसलेली.

चमचा तोंडात धरला आणि घाबरले. पिकलेलं जांभूळ. तुरट आहे, पण नेमकी — कडक चहाइतकी. मागाहून काहीतरी ऊबदार. काहीच वाईट सापडेना! देवा, मला आवडली. आवडली!

ह्यांच्या हातात चमचा तयार, डोळे माझ्या तोंडावर. आता काय करू! सगळा जोर लावून तोंड वाकडं केलं. "शी! मेल्या घुशीचा वास!"

ह्यांनी घोट घेतला. गिळला नाही, तोंडातच थांबवला. मग पुन्हा चमचा पुढे केला.

"खोटारडे," म्हणाले. "चांगली तर आहे. जांभळासारखी."