भव्याच्या पाटीवरचा व्ही

मैलापूर, चेन्नई
३ जून २०२४

चि. मुरलीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, म्हणून लिहायला बसले. आधी तुझ्या आवडीचं. गिंडीला एक ड्रायव्हिंग स्कूल निघालंय. मालक आर. आय. पळनी. त्याने गाडीच्या टपावर फक्त तीन अक्षरं रंगवलीत, आर. आय. पी. शिकणारी बाई आत हसतमुखाने बसली होती. शिवाय बसवर ‘पाडी बिल्डर्स’ची जाहिरात पाहिली. पाडी हा इथला भाग, पण मराठी माणूस त्यांच्याकडे घर घ्यायचा नाही. मी एकटीच हसत सुटले, तर शेजारची बाई सरकून बसली.

आता गंभीर. तुझ्या लेकीचा दातांचा दवाखाना पंधरवड्यात उघडतोय. काल पाटी लागली. पेंटरने लिहिलंय, डॉ. व्ही. भव्या. अरे, इथे नावाआधी बापाचं अक्षर लागतं, आपल्या तंजावरच्या मराठ्यांतही. मुरलीची मुलगी म्हणजे एम. भव्या. रंजनी गेली आणि नागपूरच्या नोकरीपायी दोन वर्षांची पोर तू माझ्या ओटीत घातलीस, तेव्हापासून तिच्या प्रत्येक वहीवर मी तो एम घातला, तुझं नाव तिच्यापासून सुटू नये म्हणून. आईचं म्हणावं तर रंजनीचा आर हवा. हा व्ही आणला कुठून? व्ही कोण म्हणून लोक विचारतील, त्यांना काय सांगू? भव्या हसते आणि म्हणते, राहू दे आत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्यांना हसले, आता आपल्याच दारावर हे. तुला किती लागेल या विचाराने अन्न गोड लागत नाही. पेंटरला बोलावलंय.

गोळ्या वेळेवर घे. माया आहे तशीच आहे, तुझी खुशाली मात्र कळव.

तुझी अक्का,
वसंता

नागपूर
११ जून २०२४

तीर्थस्वरूप अक्कास मुरलीचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या पळनीला आमच्याकडून उत्तर, ‘डॉ. घायाळ, हाडांचे तज्ज्ञ’. गर्दी चांगली असते.

पेंटरला थांबव. चूक त्याची नाही. भव्याने मला मार्चमध्येच चाचरत विचारलं होतं. म्हणाली, कागदोपत्री मी एमच राहीन बाबा, पण दारावर मला आत्याचं अक्षर हवं, तुम्हाला वाईट वाटेल का? क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आठवलं, कांजिण्यांत तिच्या उशाशी कोण बसलं होतं, आणि बसच्या खिडकीतून पाट्या दाखवून दाखवून तिला अक्षरं कोणी शिकवली. मी हो म्हटलं. तुला उद्घाटनाच्या दिवशी सांगायचं तिने ठरवलं होतं.

व्ही म्हणजे वसंता, अक्का. तुला हे एकदाही सुचलं नाही, याचं मला आधी हसू आलं, मग डोळे भरले.

उद्घाटनासाठी मी रजा टाकली आहे. आजवर दिलास तसाच आधार पुढेही असू द्यावा.

तुझा,
मुरली

मैलापूर, चेन्नई
२१ जून २०२४

चि. मुरलीस अनेक आशीर्वाद.

नागपूरला सुखरूप पोचल्याचा तुझा मेसेज वाचला. उद्घाटनाला तू होतास तेव्हा घरात माणसांची गर्दी, म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली. तुझं पत्र आलं तोवर पेंटरने व्ही खरवडून एम रंगवलासुद्धा होता. भव्या जेवताना मान वर करत नव्हती. पत्र वाचून मी देवापाशी बसून पोटभर रडले, आणि पदर खोचून पेंटरकडे गेले. म्हटलं, पुन्हा व्ही रंगव. तो म्हणाला, अम्मा, या मुलीला बाप तरी किती? भव्या शिडीखाली माझा हात धरून उभी होती, रंग वाळेपर्यंत तिने तो सोडला नाही.

काल कोपऱ्यावरच्या फुलवालीने पाटी वाचून विचारलंच, व्ही कोण. तिला सांगितलं, मी. मग गजरा घ्यायचा विसरून तशीच घरी आले.

तुम्हा दोघा बापलेकींवर माझा जीव आहे, तो असाच राहील.

तुझी अक्का,
वसंता