बरोबर अकराला गोठतो

२ फेब्रुवारी
कॉम्प्युटर आज पुन्हा गोठला. नोंद अचूक हवी म्हणून लिहितो. माउसचा बाण हलतो पण क्लिक लागत नाही, त्याला ‘अडकणे’ म्हणायचं. बाणही हलत नाही, ते ‘गोठणे’. आमची ही दोन्हीला ‘मेलं’ म्हणते. अशा बोलण्याने निदान चुकतं.

हिला ग्रंथालयाच्या स्मरणिकेचं काम मिळालंय. सगळे लेख टाइप करायचे, पानं लावायची आणि वीस तारखेला छापखान्यात द्यायची. लग्नानंतरचं हिचं पहिलं काम. ग्रंथपाल बाई जरा साशंक होत्या. मीच त्यांना म्हटलं, मशीनची काळजी नको, मशीनला मी आहे. क्लास नाही, डिप्लोमा नाही. उघडून, जोडून, स्वतः शिकलेला माणूस आहे मी.

४ फेब्रुवारी
मशीन जुनं आहे, पण त्याला शिस्त लावली की झालं. व्हायरस शोधणारा, कचरा काढणारा आणि कॉपी ठेवणारा असे तीन प्रोग्रॅम आधीच होते. तरी गोठतो म्हणून आज चौथा घातला, वेग वाढवणारा. चौघांनाही एकच वेळ: रोज सकाळी बरोबर अकरा. कारखान्यात मी वजनकाटे तपासतो. तिथेही सगळे काटे एकदम शून्यावर आणतो. एक आत्ता, एक मग, हे मला खपत नाही.

५ फेब्रुवारी
अकरा वाजून दोन मिनिटांनी गोठला. चौथा प्रोग्रॅम अजून रुळायचाय.

घरातलं आवरून ही नेमकी अकरालाच बसते. म्हणाली, ‘मी समोर बसले की याच्या पोटात दुखतं.’ मशीनला पोट नसतं हे समजावून सांगितलं. ऐकायला थांबली नाही.

७ फेब्रुवारी
निदान झालं! व्होल्टेज.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई अकरालाच मोटरचं मशीन सुरू करतात. जमिनीला कान लावून खात्री केली. खाली जाऊन त्यांना वीज म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दादा, माझ्या मशीनला बल्बाएवढी वीज लागते. तुम्ही घरात दिवा लावला तर चक्कर येते का तुमच्या कॉम्प्युटरला?’ विषयाचा अभ्यास नाही. शेवटी अर्धा तास बंद ठेवायला कबूल झाल्या. म्हणे, ‘वहिनींकडे बघून.’ कारण काहीही असो, काम झालं.

८ फेब्रुवारी
खाली मशीन बंद. वर कॉम्प्युटर गोठला. पण नेहमीपेक्षा किंचित उशिरा. दिशा बरोबर आहे.

शिंपीणबाई जिन्यातून ओरडल्या, ‘चालू करू का हो, दादा? गिऱ्हाईकाची पँट मशीनवर आहे आणि गिऱ्हाईक टॉवेलात!’ प्रयोग अर्धवट सोडावा लागला.

१० फेब्रुवारी
कॉम्प्युटरचा डबा उघडला. ब्रशने धूळ काढली, वायरी पुसल्या. काढताना आठ स्क्रू होते. सगळी भोकं भरल्यावर दोन उरले. दोनदा मोजून पाहिलं. कंपनीची मोजणी चुकली असणार.

अकराला गोठला. अध्यक्षांचं मनोगत त्यातच गेलं. ही म्हणाली, ‘तिसऱ्यांदा टाइप करतेय. आता अध्यक्ष आजारी पडले तर भाषणाला मीच उभी राहते.’ विनोद करते म्हणजे फार मनाला लावून घेतलेलं नाही. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात वाजत होती.

१३ फेब्रुवारी
महत्त्वाचा शोध. कॉम्प्युटर दुपारी चालतो! दुसऱ्या पाळीला निघण्याआधी जरा आडवा होतो, तेवढ्यात हिने अर्धी स्मरणिका लावून काढली. एकदाही गोठला नाही. अर्थ उघड आहे. माझ्या सकाळच्या दुरुस्तीचा गुण यायला दुपार होते.

हिचा निष्कर्ष वेगळा. ‘तुम्ही झोपलात की तो चालतो.’

गुण लवकर यावा म्हणून पाचवा प्रोग्रॅम घातला. बाकीचे चार नीट काम करतात की नाही, हे तो पाहतो. वेळ अकरा.

१७ फेब्रुवारी
ग्रंथपाल बाईंचा फोन. छापखान्याने तारीख अलीकडे आणली. उद्या दुपारी बाराच्या आत पानं नाही मिळाली तर काम दुसऱ्याकडे. लेखांतल्या उरलेल्या दुरुस्त्या ग्रंथालयातून उद्या सकाळी येणार, त्या तेव्हाच करायला लागणार. फोन ठेवल्यावर हिने उरलेली पानं मोजली. मग म्हणाली, ‘भावाला बोलावते.’

मी म्हटलं, तो पगार घेऊन कॉम्प्युटर बघतो, मी मनापासून बघतो.

‘मग उद्या मनापासून बाजूला बसा,’ म्हणाली.

१८ फेब्रुवारी
मेहुणा आला. डबा उघडला नाही, ब्रश मागितला नाही. नुसता स्क्रीनकडे बघून म्हणाला, ‘भावोजी, हे पाच जण रोज अकरालाच का उठतात?’ शिस्त, म्हटलं. तर म्हणे, ‘एका दारातून पाच जण एकदम घुसले तर ताईने आत जायचं कुठून?’ चौघांना काढून टाकलं, एकाला पहाटेची वेळ दिली. चहा निवायच्या आत उठला. व्होल्टेजचा मुद्दा त्याने विचारातच घेतला नाही.

अकरा वाजले. ही टाइप करत होती. मी घड्याळाकडे बघत होतो. सव्वाअकरा. गोठला नाही. गोठला असता तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं नाही. आलं असलं तरी नोंद करण्याइतकं नाही.

बाराला दहा कमी असताना पानं गेली. ही खुर्चीतच दोन्ही हात वर करून हसली. अशी हसताना पाहून बरेच दिवस झाले होते. मीही हसलो. पाया मी घातलेला होता.

२६ फेब्रुवारी
स्मरणिका छान झाली. ग्रंथपाल बाईंनी हिला रोज सकाळी कामावर यायला सांगितलंय. मी त्यांना निरोप धाडला की मशीनला मी आहेच. उत्तर आलेलं नाही. कामाच्या गडबडीत असतील.

३ मार्च
साडेअकराला ग्रंथालयाच्या फोनवरून हिचा फोन. मोबाइल घरीच विसरली होती. तिथला कॉम्प्युटर बंद पडलाय. मी म्हटलं, कुणी हात लावू नका, निघालोच. स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, टॉर्च पिशवीत टाकले, एका हाताने चप्पलही चढवली.

‘अहो, तुम्ही नका येऊ,’ म्हणाली. ‘भावाचा नवा नंबर तेवढा सांगा.’

सांगितला. एकेक आकडा सावकाश, आणि शेवटी सगळा पुन्हा एकदा. आकडा एकही चुकला नाही.